मुलाबाळांसह लांबचा विमानप्रवास : वर्ग विकत घ्यावा की जागा?

एक काळ असा होता की आपल्या समाजातील माणूस विमानात बसायचा तो बहुधा एकटाच, आणि तोही आखातात नोकरीला जाण्यासाठी. बायको-मुले गावी राहात. आता चित्र बदलले आहे. रत्नागिरी-रायगडकडील कुटुंबे लंडनला लेकीकडे जातात. केपटाउनमध्ये तर कोकणी मुसलमानांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे आणि तिकडचे-इकडचे येणेजाणे चालूच असते. भिवंडी, मालेगावचे व्यापारी उमराहला सहकुटुंब जातात. या प्रवासात तान्ही मुले असतात, दोन-पाच वर्षांची मुले असतात. तिकीट काढताना एजंट विचारतो, “कोणता वर्ग देऊ?” या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एक तर ऐपत पाहून देतात, नाही तर हौस म्हणून. व्यापारी माणसाने मात्र माल पाहून भाव ठरवावा. म्हणून विमानातील वर्ग हा माल नेमका काय आहे, हे या लेखात आम्ही समजावून सांगणार आहोत.

चार वर्ग, चार माल

लांब पल्ल्याच्या विमानात साधारणपणे चार वर्ग असतात. इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट. सर्व विमानांत चारही असतातच असे नाही. फर्स्ट क्लास तर अनेक कंपन्यांनी बंदच केला आहे.

इकॉनॉमीत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण ३१ ते ३२ इंच असते. प्रीमियम इकॉनॉमीत ते ३८ इंचांच्या आसपास जाते, आसन थोडे रुंद असते आणि पाठ जास्त मागे जाते. परंतु झोपायला ते आडवे होत नाही. बिझनेसमध्ये आता बहुतेक मोठ्या विमानांत आसनाचा सपाट पलंग होतो. जेवण चांगले मिळते, सामान जास्त नेता येते आणि विमानतळावर रांग कमी लागते.

आता पैसे मोजूनही काय मिळत नाही ते पाहू. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. जुन्या धाटणीच्या विमानांत तो सुमारे आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका, तर बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत सुमारे सहा हजार फुटांवर असावा तितका राखलेला असतो. हा दाब सर्व वर्गांना सारखाच. मुलाचे कान दुखतात ते विमान उतरताना दाब बदलतो म्हणून, आणि त्यावर उपाय एकच : त्या वेळी दूध पाजणे किंवा काही चघळायला देणे. विमान उशिरा सुटले तर ते सर्वांनाच उशिरा. आणि मूल रडायचे ठरवून बसले तर ते कोणत्याही वर्गात रडते.

हिशोब मांडून पाहू

विमान कंपन्यांची सर्वसाधारण पद्धत अशी. आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन वर्षांच्या आतील मूल मांडीवर घेतल्यास त्याचे भाडे मोठ्या माणसाच्या सुमारे १० टक्के पडते. दोन ते बारा वर्षांच्या आतील मुलाला स्वतंत्र जागा घ्यावी लागते आणि भाडे अनेकदा ७५ टक्क्यांच्या आसपास असते. कंपनीनुसार व तिकिटाच्या प्रकारानुसार यात फरक पडतो, तो विचारून घ्यावा. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हे टक्के त्याच वर्गाच्या भाड्यावर लागतात.

समजा नवरा-बायको, पाच वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा मुंबईहून दुबईमार्गे केपटाउनला जाऊन परत येणार आहेत. विमानातील वेळ जाता-येता मिळून सुमारे २५ तास. हिशोबासाठी मोठ्या माणसाचे भाडे असे धरू : इकॉनॉमी ६० हजार, प्रीमियम इकॉनॉमी १ लाख २० हजार, बिझनेस २ लाख २० हजार. (हे आकडे उदाहरणासाठी आहेत. हंगामाप्रमाणे भाव चढतात-उतरतात.)

तान्हे मूल मांडीवर घेतल्यास चौघांचा खर्च इकॉनॉमीत १ लाख ७१ हजार, प्रीमियममध्ये ३ लाख ४२ हजार आणि बिझनेसमध्ये ६ लाख २७ हजार होतो. म्हणजे इकॉनॉमीऐवजी बिझनेस घेतल्यास ४ लाख ५६ हजार जास्त, तासाला १८ हजार २४० रुपये. प्रीमियम घेतल्यास तासाला ६ हजार ८४० रुपये जास्त.

आता चौथी वाट पाहा, जी एजंट सहसा सुचवत नाही. इकॉनॉमीतच राहायचे, पण तान्ह्या मुलासाठीही स्वतंत्र जागा घ्यायची. खर्च २ लाख १० हजार. म्हणजे ३९ हजार जास्त, तासाला १ हजार ५६० रुपये. चौघांना चार जागा. ज्या विमानांत तीन-चार-तीन अशी मांडणी असते, तिथे मधली चार जागांची रांग पूर्ण आपली होते. मधले हात वर करता येतात, मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून आडवी होते आणि शेजारच्या प्रवाशाची कटकट राहात नाही.

आमचे सांगणे थोडक्यात हेच आहे : लहान मुले बरोबर असताना आधी वर्ग नव्हे, जागा विकत घ्या. विमान कंपन्यांनाही हे कळले आहे. एअर न्यूझीलंडने २०११ पासून इकॉनॉमीतीलच तीन आसनांची रांग सपाट करून कुटुंबांना देण्याची सोय सुरू केली, ती याच गरजेतून.

मांडीवरचे मूल आणि सुरक्षितता

स्वतंत्र जागेला आणखी एक कारण आहे आणि ते पैशापेक्षा मोठे आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे विमान तातडीने उतरवताना कोसळले. त्यात चार लहान मुले स्वतंत्र जागेशिवाय प्रवास करीत होती. त्यांपैकी एक दगावले. आघाताच्या वेळी आईबापाचे हात कितीही घट्ट असले तरी मूल धरून ठेवू शकत नाहीत. तेव्हापासून तेथील अपघात तपासणी मंडळ लहान मुलांना स्वतंत्र, पट्ट्याच्या आसनात बसवण्याचा आग्रह धरीत आले आहे. २००५ साली तेथील सरकारी विमान खात्याने सक्ती मात्र नाकारली. कारण असे की तिकीट महागले तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त जीव जातील. तरीही मूल स्वतंत्र आसनात बांधून न्यावे, असा सल्ला ते खाते आजही देते.

अपघात क्वचितच होतात, पण विमान अचानक हेलकावे खाते तेव्हाही धोका तोच. स्वतंत्र जागा घेतली तर विमानात चालणारी मुलांची कार-सीट बरोबर न्यावी. ती विमानात वापरण्यास मान्य असल्याची खूण तिच्यावर छापलेली असते. इकॉनॉमीचे आसन साधारण १७ इंच रुंद असते, तेव्हा कार-सीटचे माप घेऊन कंपनीला आधी कळवावे. नुसती उशीसारखी उंच बैठक चालत नाही.

पाळण्याची रांग

ज्यांना चौथी जागा परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग बॅसिनेटचा. पुढच्या भिंतीला अडकवायचा हा छोटा पाळणा असतो. त्याला वेगळे भाडे सहसा पडत नाही, पण संख्या मोजकीच असते. तिकीट काढल्याबरोबर मागणी नोंदवावी. वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत १० ते ११ किलोच्या आसपास असते. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाला तो उत्तम आणि दीड वर्षाच्या गुटगुटीत मुलाला निरुपयोगी. पट्टे बांधण्याचा दिवा लागला की अनेक कंपन्यांत बाळाला पाळण्यातून काढावे लागते. या रांगेत आसनांचे हात वर होत नाहीत, कारण जेवणाचे टेबल त्यांच्यात असते. समोर आसन नसल्याने पायाशी पिशवीही ठेवता येत नाही. म्हणजे बाळ एकटेच असेल तर ही रांग घ्या. बरोबर तीन-चार वर्षांचे दुसरे मूल असेल तर मागची पूर्ण रांग बरी.

वयाची आणखी एक खाच आहे. जाताना मूल दोन वर्षांच्या आत असेल आणि परतण्यापूर्वी दोन पूर्ण होत असतील, तर परतीला स्वतंत्र तिकीट लागते. हे आधी पाहिले नाही तर परदेशातील विमानतळावर ऐनवेळच्या भावाने पैसे मोजावे लागतात.

प्रीमियम आणि बिझनेस केव्हा घ्यावे?

प्रीमियम इकॉनॉमी ही उंच माणसासाठी चांगली वस्तू आहे. मुलांच्या दृष्टीने तिचा फायदा कमी. पाच वर्षांच्या मुलाला पायाशी सहा इंच जागा जास्त मिळून काय उपयोग? उलट तेथील आसनांचे हात बहुधा पक्के असतात, त्यामुळे मूल दोन जागांवर आडवे होऊ शकत नाही.

बिझनेसमध्ये पलंग मिळतो हे खरे. पण नव्या विमानांत मांडणी एक-दोन-एक अशी असते आणि प्रत्येक आसनाभोवती आडोसा असतो. कामाला निघालेल्या एकट्या व्यापाऱ्याला तो हवाच असतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र तो आईपासून तोडणारी भिंत होतो. अशा अनेक आसनांत कार-सीटही बसत नाही. फर्स्ट क्लासबाबत सांगायचे तर मलेशिया एअरलाइन्सने तान्ह्या मुलांना तेथे मनाई केल्याचे २०११ साली जाहीर झाले होते.

तरीही बिझनेस घेणे योग्य ठरेल असे प्रसंग आहेत. बाळंतपणाचे ऑपरेशन होऊन थोडेच महिने झालेली आई, कंबर किंवा पाठीचे दुखणे असलेले आईवडील, किंवा जिला दर तासाला आडवे करावे लागते अशी आजारी मुलगी. येथे पैसा आरामासाठी नव्हे, गरजेसाठी जातो. अशा वेळी हात आखडता घेणेही बरोबर नाही. इसराफ टाळायचा तसा बुख्लही टाळायचा, ही आपली शिकवण आहे.

एक प्रथा मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. घरधनी पुढे बिझनेसमध्ये झोपतात आणि बायको दोन मुलांना घेऊन मागे इकॉनॉमीत रात्र काढते. “मला उतरल्यावर धंद्याचे काम आहे,” असे कारण दिले जाते. काम खरोखर असेल तर ते दोन दिवसांनी ठेवावे. घरच्यांशी जो चांगला वागतो तो चांगला, ही शिकवण घराच्या उंबऱ्यापुरती नाही.

कर, हप्ते आणि जेवण

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस व फर्स्टच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच राहिला. धंद्याच्या प्रवासावर भरलेला कर नियमानुसार वजा मिळू शकतो. कुटुंबाच्या खाजगी प्रवासावरचा मिळत नाही. तेव्हा मुलांची तिकिटे दुकानाच्या खात्यात घालण्याच्या फंदात पडू नये. तो अप्रामाणिकपणाही आहे आणि तपासणीत अंगाशीही येतो.

वरच्या वर्गाची तिकिटे हल्ली हप्त्यांवर मिळतात. “बिनव्याजी” लिहिले असले तरी प्रक्रिया शुल्क व हप्ता चुकल्यावरचे व्याज कागदावर पाहावे. दहा तासांच्या पलंगासाठी बारा महिने व्याजाच्या दारात उभे राहणे आपल्याला शोभत नाही. वरच्या उदाहरणातील साडेचार लाख म्हणजे कितीतरी छोट्या कारखानदारांचे हंगामाचे खेळते भांडवल आहे.

एमिरेट्स, कतार एअरवेज, सौदिया यांच्या विमानांत जेवण हलालच असते. युरोपीय कंपन्यांच्या विमानांत हलाल जेवण निदान २४ तास आधी सांगून ठेवावे लागते. तेथे मुलांचे जेवण वेगळे मागवले तर ते हलाल असेलच असे नाही, हे विचारून घ्यावे. शंका असल्यास मुलासाठीही मुस्लिम जेवणच नोंदवावे आणि घरून खाऊ बरोबर ठेवावा.

तिकिटापूर्वी चार प्रश्न

एजंटला पुढील चार गोष्टी विचाराव्यात. विमान कोणत्या जातीचे आणि मांडणी कशी आहे? सर्वांची नावे एकाच बुकिंगमध्ये आहेत ना? बॅसिनेट किंवा स्वतंत्र जागा पक्की नोंदली का? सुटण्याची वेळ मुलांच्या झोपेची आहे का? एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने भारतीय विमान कंपन्यांना आदेश दिला की, एकाच बुकिंगमधील बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. म्हणून “पैसे भरा, नाहीतर मूल दुसरीकडे बसेल” असे कोणी घाबरवले तर हा आदेश दाखवावा. उमराहच्या ग्रुप तिकिटांत जागा उशिरा ठरतात, तेव्हा हे प्रश्न अनामत भरण्यापूर्वीच विचारावेत.

शेवटचा प्रश्न सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी आहे. मुले झोपतात त्या वेळी सुटणारे, वाटेत पहाटे तीनला न उठवणारे थेट विमान थोडे महाग पडले तरी घ्यावे. मुले झोपली की आईबापांनाही विसावा मिळतो आणि वरच्या वर्गाची निम्मी गरज तिथेच संपते. उरलेला पैसा धंद्यात राहू द्या किंवा ज्यांना भेटायला चाललो त्यांच्यासाठी काही घेऊन जा. त्यातच बरकत आहे.