तुमचा कचरा, शेजाऱ्याचा कच्चा माल: पैसे कुठे अडकलेत ते शोधा

'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपला काय संबंध? पण कचरा उचलायला टेम्पोवाल्याला पैसे मोजतो तो छोटा धंदेवालाच. एकदा माल विकत घेताना पैसे जातात, दुसऱ्यांदा त्याचाच उरलेला भाग फेकताना. म्हणजे मार्जिनला दोनदा कात्री.

आधी एक जुनं उदाहरण बघू. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं बंदराचं छोटं शहर आहे. १९७२ मध्ये तिथल्या रिफायनरीचा जास्तीचा गॅस जिप्समचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला मिळू लागला. पुढे वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषध कंपनीला गेली. १९९३ पासून वीज केंद्राचा धूर साफ करताना तयार होणारं जिप्सम त्याच बोर्ड कारखान्यात वापरलं जाऊ लागलं. याला म्हणतात इंडस्ट्रियल सिम्बायोसिस. हे कुठल्या सरकारी आदेशाने झालं नाही. शेजाऱ्यांनी एकेक सौदा केला, दोघांनाही परवडला म्हणून तो टिकला.

आपल्याकडे साखर कारखाना बघा. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यावर वीज होते. ४० किलोच्या आसपास मळी निघते, ती डिस्टिलरीला जाते. प्रेसमडचं खत होऊन ते पुन्हा शेतात जातं. कोकणात काजूच्या टरफलांतून तेल काढतात.

आता छोट्या धंद्याचा हिशोब करू. समजा, एका फर्निचर वर्कशॉपमध्ये महिन्याला २०० किलो लाकडाचा भुसा निघतो आणि तो टाकायला टेम्पोला ८०० रुपये जातात. पोल्ट्रीवाला गादीसाठी भुसा घेतो, समजा ३ रुपये किलोने. मिळाले ६०० रुपये, टेम्पो पुन्हा ८०० चा. म्हणजे अजून २०० चा तोटाच. पण शेजारचं वर्कशॉप सोबत आलं आणि दोघांचा भुसा एकाच टेम्पोत गेला, तर १,२०० मधून ८०० वजा करून ४०० उरतात, प्रत्येकी २००. आधी ८०० जात होते, आता २०० येतात. महिन्याला हजाराचा फरक!

पण एक अट आहे. त्यात प्लायवूड, एमडीएफचा भुसा मिसळला तर पोल्ट्रीवाला हात लावणार नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे वेगळं ठेवणं. मिसळला की कचरा, वेगळा ठेवला की माल.

ब्रिटनमध्ये २००५ साली यासाठी देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या कार्यशाळेत वेगवेगळ्या धंद्यांचे लोक एका टेबलावर बसून दोनच गोष्टी लिहायचे: माझ्याकडे काय उरतं आणि मला काय लागतं. मग जोड्या लावायच्या. हेच आपण आपल्या एमआयडीसीत किंवा बाजारपेठेत करू शकतो:

१. महिनाभर वही ठेवा. काय उरतं, किती किलो, ओलं की सुकं, सध्या कुठे जातं, खर्च किती.
२. दुसऱ्या पानावर तुम्ही काय विकत घेता ते लिहा.
३. जवळच्या दहा धंदेवाल्यांना चहाला बोलवा आणि वह्या समोर ठेवा.
४. आधी छोटा लॉट देऊन बघा. जमलं तर भाव, वजन आणि उचलायचा दिवस कागदावर आणा.

दोन गोष्टी सांभाळा. रसायन, वापरलेलं ऑइल, रंगाचा गाळ असा घातक कचरा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय कुणालाही देऊ नका. आणि एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नका. त्याने धंदा बंद केला तर ढीग तुमच्याच दारात.

या आठवड्यात फक्त वही सुरू करा. तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय उरतं ते कमेंटमध्ये लिहा. कोण जाणे, ते घेणारा माणूस खालचीच कमेंट लिहीत असेल!