अपघाताची नोंद : कारखाना आणि उपाहारगृह

नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात भाजलेला कामगार ४८ तास कामास असमर्थ ठरल्यास ते निरीक्षकास कळविण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातले होते. वाशीच्या उपाहारगृहातील आचाऱ्यास मात्र हे संरक्षण नव्हते. कारण ‘कारखाना’ या संज्ञेतून हॉटेल, उपाहारगृह व खानावळ पुढे स्पष्टपणे वगळण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा भेद पुष्कळ अंशी मिटविला. परंतु तो सर्वसाधारणपणे १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरताच.

१८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे मुंबईत साकीनाका येथे फरसाण बनविणाऱ्या दुकानास लागलेल्या आगीत १२ कामगार मृत्युमुखी पडले. असे मृत्यू शासनाच्या दप्तरी येतातच. निसरड्या फरशीवरील पडणे, कढईतील तेलाचा चटका, वायूच्या नळीची गळती या गोष्टी मात्र लहान दुकानांत बहुधा अनुल्लेखित राहतात. आणि धोक्याचे कारण वेळीच दूर करण्याची संधी नेमक्या याच घटना देतात. सबब, नोंदीचा निकष कामगारांची संख्या असावा की इजेचे स्वरूप, याचा अभ्यासकांनी पुनर्विचार करणे अगत्याचे आहे.