कच्च्या रस्त्यासाठी सायक्लोक्रॉस की माउंटन बाइक? शरीराच्या बाजूने विचार

चाळिशी-पन्नाशीत सायकल सुरू केलेली मंडळी पहिलं वर्ष डांबरी रस्त्यावर काढतात. मग कच्च्या वाटा खुणावू लागतात. धरणाच्या कडेने जाणारा मुरमाचा रस्ता, डोंगरावरच्या वाडीकडे चढणारी गाडीवाट. घरात चर्चा सुरू होते आणि कधी कधी ती माझ्या ओपीडीपर्यंत पोहोचते. बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायक्लोक्रॉस घ्यायची, की जाड टायरची माउंटन बाइक? वेग, वजन आणि किंमत दुकानदार सांगेलच. पण ज्याला मधुमेह आहे, ज्याची मान धरते किंवा ज्याला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, त्याने आणखी काही गोष्टी पाहायला हव्यात. हा लेख अशा वाचकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

दोन्ही सायकली मुळात कशासाठी बनल्या?

सायक्लोक्रॉस हा युरोपातला थंडीच्या दिवसांतला खेळ. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये रुजला, त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली आणि आज त्याची सगळ्यात जास्त हौस बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आहे. चिखल, वाळू, गवत आणि मध्येच आडव्या फळ्या अशा छोट्या मार्गावर साधारण तासभर फेऱ्या मारायच्या. अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पुन्हा उडी मारून बसायचं. त्यामुळे ही सायकल हलकी असते, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असतं आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. सस्पेन्शन, म्हणजे दुकानात ज्याला शॉकअप म्हणतात ते, नसतं.

माउंटन बाइक १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत जन्मली. तिथली तरुण मुलं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवून मातीच्या वाटेने खाली सोडत. त्यातून वेगळी सायकलच तयार झाली आणि १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. तिचे टायर ५५-६० मिलिमीटरचे, हँडल सरळ आणि ७० सेंटिमीटरहून रुंद आणि पुढचा फोर्क धक्क्याबरोबर १०० मिलिमीटर किंवा जास्त दबणारा असतो.

आपल्याकडच्या दुकानांत खरी सायक्लोक्रॉस क्वचित दिसते. तिची चुलत बहीण ग्रॅव्हल बाइक मात्र सर्रास मिळते. तिचे टायर थोडे जाड आणि गिअर थोडे हलके असतात. पुढे सायक्लोक्रॉसबद्दल जे लिहिलं आहे ते तिलाही लागू आहे, फक्त थोडं सौम्य करून वाचा. ब्रिटनचा टॉम पिडकॉक २०२२ मध्ये सायक्लोक्रॉसचा जगज्जेता होता आणि माउंटन बाइकचा दोनदा ऑलिंपिक विजेता आहे. पण तो पंचविशीच्या आसपासचा व्यावसायिक खेळाडू आहे. त्याच्याकडे बघून आपण सायकल निवडायची नाही.

धक्का जातो कुठे?

चाकाखाली दगड आला की धक्का बसणारच. तो टायर शोषेल, फोर्क शोषेल, नाहीतर तुमचं शरीर शोषेल. माउंटन बाइकवर पहिले दोघे बरंच काम करतात. सायक्लोक्रॉसवर फोर्क कडक आणि टायर बारीक, म्हणून उरलेलं काम मनगट, कोपर, खांदे, मान आणि कंबर यांच्या वाट्याला येतं. कोपर आणि गुडघे वाकवून, सीटवरून किंचित उठून चालवणारा माणूस हात-पायांचंच शॉकअप करतो. हे शिकता येतं. पण त्यासाठी मांड्या, पाठ आणि दंड यांत ताकद लागते. ती नसली की माणूस कोपर ताठ करतो, हँडलवर वजन टाकतो आणि सगळे हादरे थेट तळहातात जातात.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळच्या एका अरुंद बोगद्यातून अल्नर नावाची नस जाते. तिच्यावर दाब आणि हादरे येत राहिले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मधल्या बोगद्यातली मीडियन नस दबली तर अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत मुंग्या येतात. कोणत्या बोटांना मुंग्या आल्या हे नीट सांगितलंत, तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं. सायकल थांबवल्यावर अर्ध्या तासात मुंग्या गेल्या तर घाबरण्यासारखं काही नाही. हँडल, हवा आणि बसण्याची ढब तपासा. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला तर तो जाईपर्यंत कच्चा रस्ता बंद. करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरा आणि घरच्या कुणाला तो ओढायला सांगा. एका हातातून सहज निसटला, दुसऱ्यातून नाही, तर नसेचा स्नायूंवरही परिणाम होतो आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात आठवडे घालवू नका.

मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक असतात आणि थोड्या दाबानेही कुरकुरतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ची पातळी कमी झालेली असू शकते, ती तपासून घ्या. तपासणी न करता लाल इंजेक्शनांचा कोर्स घेऊन तशीच सायकल चालवत राहणारे पेशंट मला नेहमी भेटतात. नस दाबली जात असेल तर इंजेक्शन तो दाब काढत नाही.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टायरमधली हवा. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात टायर दगडासारखा कडक होईपर्यंत हवा भरतात, कारण कडक म्हणजे चांगली अशी समजूत आहे. डांबरावर ते खपून जातं. कच्च्या रस्त्यावर सत्तर किलोच्या माणसाला माउंटन बाइकच्या जाड टायरमध्ये २५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. सायक्लोक्रॉसच्या बारीक टायरमध्ये ट्यूब असेल तर ३५-४० ठेवावी लागते, त्याखाली गेलात तर दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते. माझ्या दृष्टीने या दोन सायकलींतला मोठा फरक हाच आहे. जाड टायरमध्ये हवा कमी ठेवण्याची मोकळीक असते, बारीकमध्ये नसते. मीटर असलेला हातपंप घ्या. टायरच्या बाजूवर किमान-कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहा.

एक सावधगिरी. स्वस्तातल्या काही सायकली नुसत्या दिसायला माउंटन बाइक असतात. पुढे साधी स्प्रिंग, वजन सतरा-अठरा किलो. ती स्प्रिंग धक्का शोषण्यापेक्षा हँडल उसळवते जास्त. अशा सायकलीपेक्षा जाड टायरची, शॉकअप नसलेली साधी सायकल परवडली.

चढ, गिअर आणि हृदय

या मुद्द्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, पण हृदयरोग्यासाठी महत्त्वाचा हाच आहे. सायक्लोक्रॉस वेगासाठी असल्यामुळे तिचा सगळ्यात हलका गिअरही तसा जडच असतो. समजा, पुढे ३६ दात आणि मागे ३२. मिनिटाला साठ वेळा पेडल फिरवलं तर सायकल ताशी साधारण साडेआठ किलोमीटर जाते. त्याहून हळू जायचं तर पेडल अडखळायला लागतं. माउंटन बाइकला पुढे ३२ आणि मागे ५० दात असतील तर तेवढ्याच पेडलिंगमध्ये ती ताशी सव्वापाच किलोमीटरने सावकाश चढते.

आता माणूस ७२ किलोचा, सायकल १२ किलोची आणि चढ दहा टक्क्यांचा धरा. नुसतं वजन वर न्यायला सायक्लोक्रॉसवर जवळपास १९५ वॉट लागतात, माउंटन बाइकवर १२०. मातीचा विरोध वेगळा. स्ट्रेस टेस्टच्या रिपोर्टवर ‘मेट्स’ नावाचा आकडा असतो. त्या भाषेत पहिलं काम सुमारे साडेदहा मेट्सचं आणि दुसरं सातचं. नेहमीच्या ब्रूस पद्धतीच्या ट्रेडमिल टेस्टमध्ये तिसरी पायरी पूर्ण केली, म्हणजे नऊ मिनिटं झाली, की साधारण दहा मेट्स होतात. म्हणजे ज्याचा दम टेस्टमध्ये नऊ मेट्सवर संपला, त्याला सायक्लोक्रॉसवर हा चढ झेपणारच नाही. आणि टेस्टमधला आकडा तुमचा कमाल असतो. तो मिनिट-दोन मिनिटं गाठता येतो, वीस मिनिटांच्या चढावर टिकवता येत नाही. त्यामुळे माउंटन बाइकवरसुद्धा अशा माणसाने अधूनमधून उतरून चालावं. सायक्लोक्रॉसमध्ये जगज्जेतेही उतरून सायकल उचलतात, मग आपल्याला लाज कसली?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर कच्च्या चढावर जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. तेव्हा सायकल, चढ आणि किती वेळ चालवणार हे स्पष्ट सांगा. ‘थोडी सायकल चालवतो’ एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर मनगटी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. गोळीमुळे नाडी फारशी वाढत नाही आणि घड्याळ सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतं. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय ना, ही कसोटी जास्त भरवशाची. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबा. कच्च्या वाटेवर बऱ्याचदा रेंज नसते. एकटे जाऊ नका आणि कुठून कुठे जाणार ते घरी सांगून निघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज हवंच.

मान, कंबर आणि सीट

खाली वळलेल्या हँडलवर शरीर पुढे झुकतं आणि समोरचं दिसावं म्हणून मान मागे मोडावी लागते. मानेचा स्पॉन्डिलोसिस असेल तर उतारावर हे लवकर जाणवतं. हात खाली जाताच बोटांत किंवा दंडात कळ येत असेल तर ती सायकल तुमच्यासाठी नाही. हँडल थोडं वर किंवा जवळ घेऊन फरक पडतो का पाहा. सीटचा दाब नाजूक भागातल्या नसेवर येऊन बधिरपणा आला तर स्त्री असो वा पुरुष, संकोच न करता सांगा. सीटचं नाक किंचित खाली केलं की बहुतेकांचं भागतं.

पडल्यावर

कच्च्या वाटेवर आज ना उद्या प्रत्येक जण पडतो. माउंटन बाइकचं रुंद हँडल पुढचं चाक दगडावर वळू देत नाही, आणि काहींवर उतारावर सीट बटनाने खाली जाते, त्यामुळे वजन मागे नेता येतं. सायक्लोक्रॉसवर सीट उंचच राहते आणि तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या बाजूला, माउंटन बाइकवर धीर वाढतो आणि माणूस नको तिथून खाली सुटतो. हाडं ठिसूळ असतील तर दोन्हींवर सपाट वाटच धरा.

पडताना आपण हात टेकतो. म्हणून खांद्याजवळचं कॉलरबोन आणि मनगट मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जो छोटा खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाला तडा असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं राहिलं तर पट्टी ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. ‘मुरगळलंय’ म्हणून मालिश करून घेऊ नका. मुलांच्या पोटात हँडलचं टोक लागलं असेल तर वरून फक्त गोल वळ दिसतो, आतल्या इजेची लक्षणं काही तासांनी येऊ शकतात. पोटदुखी किंवा उलटी सुरू झाली तर थेट हॉस्पिटल गाठा.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अपिक्साबॅन वगैरे, चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर हेल्मेट होतं, बरं वाटतंय, तरीही हॉस्पिटलमध्ये जाऊन दाखवा. मातीने भरलेली जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल तर पुन्हा घ्या.

चिखल

२००७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पावसात झालेल्या एका माउंटन बाइक शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना जुलाब लागले. चाकांवरून उडालेला चिखल तोंडात गेला होता आणि त्यात कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू होते. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या आसपास, यात लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातले हे जंतू खरचटलेल्या त्वचेतून शिरतात. दोन्ही सायकलींना मडगार्ड बहुधा नसतं, ते लावून घ्या. पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर झाकण हवं. पायाला उघडी जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, आणि घरी आल्यावर आंघोळीआधी खरचटलेल्या जागा धुऊन पाहा.

अशा फेरीनंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर तापाच्या आधी चिखलाचं सांगा. सायकलचा विषय निघाला नाही तर डॉक्टरही तो विचारायला विसरू शकतात.