अस्वलदर्शनाची सफर : एक संकेतव्यवस्था

वन्य पशूचे दर्शन मनुष्याला दोन रीतींनी घडू शकते. पहिल्या रीतीत मनुष्य लपलेला असतो आणि पशूला त्याचा सुगावा नसतो; दुसऱ्या रीतीत मनुष्य उघड असतो आणि पशूला त्याची पुरती जाणीव असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातील अरण्यांत पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून प्राण्यांची जी नोंद केली जाते, ती पहिल्या रीतीची. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, विशेषतः अलास्काच्या आग्नेय भागात, नावेने जाऊन व पुढे पायी चालून तपकिरी अस्वले पाहण्याच्या ज्या सफरी वाटाड्याच्या देखरेखीखाली निघतात, त्या दुसऱ्या रीतीच्या होत. तेथे मनुष्य आपले अस्तित्व लपवीत नाही. ते तो अस्वलाला वेळीच आणि निःसंदिग्धपणे कळवितो. हे कळविणे कोणत्या साधनांनी होते, त्यांत वाणीचे स्थान कोणते, आणि या व्यवहारात खंड पडल्यास काय ओढवते, याचा विचार भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरणारा आहे.

१. स्थळ

अशा सफरींचे एक जुने व नमुनेदार ठिकाण म्हणजे ॲडमिरल्टी बेटावरील पॅक क्रीक हा ओढा. अलास्काची राजधानी जूनो हिच्याजवळ असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे सव्वाचार हजार चौरस किलोमीटर असून त्यावर दीड हजारांच्या आसपास तपकिरी अस्वले असावीत, असा अंदाज आहे. काळी अस्वले येथे नाहीत. मनुष्यांची कायम वस्ती पश्चिम किनाऱ्यावरील अँगून या त्लिंगित लोकांच्या गावापुरतीच आहे. त्लिंगित भाषेत तपकिरी अस्वलाला ‘खूत्स’ व गढीला ‘नू’ म्हणतात. या दोहोंपासून बनलेल्या बेटाच्या मूळ नावाचा अर्थ ‘अस्वलांची गढी’ असा सांगितला जातो. १९७८ मध्ये हे बेट राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. १९८० च्या कायद्याने बेटाच्या फार मोठ्या भागास राखीव अरण्याचा दर्जा मिळाला. त्या अरण्यास ‘कुट्झनूवू’ हे त्लिंगित नावाचेच इंग्रजी वळणाचे रूप देण्यात आलेले आहे.

पॅक क्रीकच्या परिसरात अस्वलांच्या शिकारीस १९३० च्या दशकापासूनच बंदी आहे. पुढे स्टॅन प्राइस नावाचा गृहस्थ या ओढ्याच्या मुखाशी येऊन राहिला आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ चार दशके, अस्वलांच्या सान्निध्यात जगला. त्याच्या नावाचे अभयारण्य १९९० मध्ये स्थापन झाले. सध्या तेथील व्यवस्था संघराज्याचे वनखाते आणि अलास्का राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते मिळून पाहतात.

या तपशिलातून एक गोष्ट ध्यानात येते. पॅक क्रीकची अस्वले माणसाळलेली नाहीत. ती सरावलेली आहेत. माणसाळणे म्हणजे मनुष्याच्या आश्रयाने व त्याच्या अन्नावर जगणे. सरावणे म्हणजे मनुष्याकडून लाभही नाही आणि अपायही नाही, हा अनुभव वारंवार आल्यामुळे त्याची दखल घेणे सोडून देणे. आईच्या मागे फिरणारी पिल्ले तिच्याबरोबर हा अनुभव घेतात आणि असा सराव पुढच्या पिढीत उतरतो. मनुष्य प्रत्येक वेळी तसाच वागला, तरच तो टिकतो. सफरीचे सारे नियम या एका अटीतून निघालेले आहेत.

२. नावेतून

या ठिकाणी रस्त्याने जाता येत नाही. प्रवासी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा नावेने येतात. सीमोर कॅनाल हा नावाप्रमाणे कालवा नसून बेटात खोल शिरलेला समुद्राचा फाटा आहे. जूनोकडून वल्ह्यांच्या होडीने येणाऱ्यांना ऑलिव्हर इनलेट या खाडीपासून सीमोर कॅनालपर्यंत सुमारे एक मैलाची जमीन ओलांडावी लागते आणि तेथे होडी लहान रुळांवरील गाड्यावर चढवून ढकलत न्यावी लागते.

भरती-ओहोटीतील पाण्याचा फरक या किनाऱ्यावर कित्येकदा पाच मीटरांहून अधिक असतो. ओहोटी लागली की चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. उन्हाळ्याच्या आरंभी अस्वले त्याच्या कडेचे लव्हाळ्यासारखे गवत चरताना आणि चिखलातील शिंपले उकरताना दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी व चम जातींचे सॅमन मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यात चढू लागले की अस्वले ओढ्याकडे वळतात. हाच सफरींचा भर हंगाम. ५ जुलै ते २५ ऑगस्ट या काळात दिवसाला २४ प्रेक्षकांनाच परवाना मिळतो आणि किनाऱ्यावर सकाळी ९ ते रात्री ९ एवढ्याच वेळात राहता येते. संख्या, वेळ, उतरण्याची जागा व चालण्याची वाट यांपैकी काहीही प्रेक्षकांच्या इच्छेवर सोडलेले नाही.

वरवर पाहता हे निर्बंध गर्दी टाळण्यासाठी आहेत असे वाटेल. वस्तुतः त्यांचे कार्य त्याहून सखोल आहे. एखादी गोष्ट चिन्ह म्हणून वाचता येण्यासाठी तिची पुनरावृत्ती व्हावी लागते आणि प्रत्येक आवृत्तीत तिचे रूप ओळखण्याइतके स्थिर असावे लागते. मनुष्य ठराविक वेळी, ठराविक जागी, लहान घोळक्याने येतो व तसाच परत जातो, हे वर्षानुवर्षे घडत राहिले की त्या येण्याला अस्वलाच्या लेखी एक अर्थ प्राप्त होतो. तो अर्थ असा की, यात आपल्याला करण्यासारखे काही नाही.

या व्यवस्थेत सर्वांत कडक नियम अन्नाविषयी आहे. शिदोरी नावेतच राहते किंवा अस्वलांना उघडता येणार नाही अशा बंदिस्त कोठीत ठेवली जाते. दर्शनाच्या जागी तिचा कणही न्यावयाचा नसतो. अस्वलाचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण आणि स्मरणशक्ती चांगली असते. एका पिशवीतून एकदा खाणे मिळाले, तरी पिशवी हे त्याच्या दृष्टीने अन्नाचे चिन्ह होऊन बसते आणि पुढील प्रत्येक पिशवीकडे ते त्याच अर्थाने पाहू लागते. सरावलेले अस्वल आणि अन्नाला चटावलेले अस्वल यांतील फरक हाच होय. पहिल्याला मनुष्य निरर्थक असतो. दुसऱ्याला तो भलत्याच अर्थाने सार्थ झालेला असतो. असा अर्थ एकदा जडला की तो पुसणे फार कठीण जाते आणि चटावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा बंदुकीच्या गोळीने होतो. शिदोरी सांभाळण्यात हयगय मनुष्याची असते, पण तिची किंमत अस्वल मोजते.

३. पायवाटेवर

किनाऱ्यावरील उघड्या जागेतून काही अंतरावरची अस्वले दिसतात. तेथून सुमारे एक मैलाची पायवाट सिट्का स्प्रूस व हेमलॉक या वृक्षांच्या दाट रानातून ओढ्याकाठच्या निरीक्षण-मनोऱ्याकडे जाते. किनाऱ्यावर मंद स्वरात बोलणारी मंडळी रानात शिरताच वाटाड्याच्या सांगण्यावरून मुद्दाम मोठ्याने बोलू लागतात. वळणाजवळ, पाण्याच्या खळखळाटात किंवा वारा समोरून येत असताना वाटाडा स्वतः हाक देतो. कारण उघड आहे. मैदानात मनुष्य दुरून दिसतो. रानात तो दिसत नाही, आणि वारा प्रतिकूल असल्यास त्याचा गंधही पुढे पोहोचत नाही. अवचित समोरासमोर येणे हा तपकिरी अस्वलाच्या हल्ल्याच्या प्रमुख कारणांपैकी एक समजला जातो; बरोबर पिल्ले असलेल्या मादीच्या बाबतीत तर तो धोका विशेष. घंटेच्या किणकिणीपेक्षा मानवी वाणीवर वाटाडे अधिक विसंबतात, कारण ती नेमकी मनुष्याचीच खूण आहे.

या हाकेतील शब्दांना अर्थ नसतो असे नाही. तो येथे अप्रस्तुत असतो. भाषेच्या अशा वापराकडे मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये लक्ष वेधले होते. ‘काय, कसं काय?’ असे विचारणाऱ्याला माहिती हवी नसते. त्याला केवळ संबंध राखावयाचा असतो. याकॉब्सनने १९६० मध्ये भाषेची सहा कार्ये सांगताना या संपर्कसाधक कार्याला स्वतंत्र स्थान दिले. रानातील हाक हे त्या कार्याचे अगदी निखळ उदाहरण म्हणता येईल. तिच्यातून आशय वजा केला, तरी ‘येथे मनुष्य आहे, तो या दिशेने येत आहे’ एवढे सांगणे शिल्लक राहते, आणि अस्वलाला तेवढेच हवे असते. प्राण्यांच्या चिन्हव्यवहाराच्या अभ्यासाला सीबिऑकने १९६३ मध्ये स्वतंत्र नाव दिले. त्या अभ्यासाच्या दृष्टीने वाटाडा हा दोन चिन्हव्यवस्थांच्या सीमेवर उभा असलेला दुभाषी ठरतो.

दुभाष्याचे काम उलट दिशेनेही चालते. अस्वलाच्या हालचालींचा अर्थ प्रेक्षक आपल्या सवयीने लावतात आणि फसतात. मनुष्याची जांभई आळसाची सूचक. अस्वलाची जांभई पुष्कळदा मनावरील ताणाची सूचक असते. मागच्या पायांवर उभे राहिलेले अस्वल चित्रांतून हल्लेखोर म्हणून दाखविले जाते. प्रत्यक्षात ते बहुधा नीट पाहण्यासाठी व वास घेण्यासाठी उभे राहिलेले असते. कान मागे पाडणे, जबडा आपटणे, फुत्कारणे, लाळ गळणे या खुणा मात्र गंभीर होत. दोन भाषांत सारखा दिसणारा पण भिन्न अर्थाचा शब्द अनुवादकाला चकवितो, त्याचाच हा प्रकार आहे. म्हणून अशा प्रसंगी पळू नये, विखरू नये, एकत्र उभे राहून शांत व खालच्या स्वरात बोलावे आणि अस्वलाला वाट द्यावी, असे वाटाडे आधीच बजावून ठेवतात. पळणे हाही एक संकेतच आहे, आणि त्याचा अर्थ ‘भक्ष्य’ असा होण्याचा संभव असतो.

४. नाव घेणे आणि न घेणे

अस्वलासंबंधी बोलताना जपावे, ही जाणीव या सफरींपेक्षा फार प्राचीन आहे. संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्टोस’ व लॅटिन ‘उर्सुस’ हे शब्द एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दापासून आले. जर्मानिक व स्लाव्ह भाषांत मात्र तो शब्द राहिला नाही. स्लाव्ह भाषांत अस्वलाला ‘मध खाणारा’ अशा अर्थाचे नाव आहे. रशियन ‘मेद्व्येद्’ याची घडण संस्कृत ‘मध्वद्’ या शब्दासारखीच आहे, जो ऋग्वेदात पक्ष्यांना लावलेला आढळतो. जर्मानिक शब्दाचा अर्थ ‘तपकिरी’ असा परंपरेने लावला जातो; काही विद्वान तो ‘वन्य’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. अस्वलाचे खरे नाव उच्चारल्यास ते ऐकेल या भीतीने उत्तरेकडील लोकांनी ते टाकले असावे, असे अनुमान मेयेने १९०६ मध्ये मांडले. फिन्निश भाषेतही अस्वलाला ‘मधुर पंजाचा’ अशा अर्थाचे पर्यायी नाव आहे. उत्तर गोलार्धातील अशा चालींची विस्तृत तुलना हॅलोवेलने १९२६ मध्ये केली.

मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही नाही. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणण्याची चाल खेड्यापाड्यांतून आढळते. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीतून तर उखाण्यासारखा रचनाप्रकार बहरला. अस्वलाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे तसा निषेध दिसत नाही. अमरकोशात ‘ऋक्ष’, ‘अच्छभल्ल’ व ‘भल्लूक’ हे शब्द शेजारी शेजारी येतात, आणि आपला ‘अस्वल’ हा शब्द त्यांपैकी ‘अच्छभल्ल’ या शब्दाशी जोडला जातो.

त्लिंगित परंपरेत नाव टाळण्यापेक्षा बोलण्याच्या रीतीवर भर आहे. अस्वलाला मनुष्याचे बोलणे समजते, म्हणून त्याच्याविषयी उणे-अधिक बोलू नये, आणि ते समोर आल्यास त्याच्याशी आदराने बोलावे, अशी ही धारणा असून मानववंशशास्त्रज्ञांनी तिची नोंद केलेली आहे. हिला केवळ भाबडा समज मानून सोडून देणे योग्य होणार नाही. जो मनुष्य अस्वलाशी आदराने बोलतो, तो उभा राहतो, पळत नाही, आवाज चढवीत नाही आणि मार्ग मोकळा करून देतो. आजचा वाटाडा नेमके हेच सांगतो. परंपरा म्हणते, अस्वलाला शब्द कळतात. वाटाडा म्हणतो, त्याला वर्तनाचा आकृतिबंध कळतो. दोहोंची उपपत्ती भिन्न आहे. परंतु आपल्याकडे कोणी ऐकत आहे असे समजून मनुष्याने वागावे, हा निष्कर्ष एकच आहे.

५. संकेताची मर्यादा

या व्यवस्थेचे यश अलास्कातच मॅकनील नदीच्या अभयारण्यातही दिसून येते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या त्या अभयारण्यात १९७३ पासून प्रेक्षकांना परवाने दिले जातात. धबधब्यापाशी एका वेळी दहाच प्रेक्षक नेले जातात. परवान्यांची पद्धत सुरू झाल्यापासून तेथे अस्वलाने प्रेक्षकाला इजा केल्याची नोंद नाही.

तथापि एक प्रश्न उरतोच. अर्थ हा संदर्भावर अवलंबून असतो, आणि अस्वलाला संदर्भाची सीमा आखून दाखविता येत नाही. ॲडमिरल्टी बेटाच्या इतर भागांत हंगामात परवान्याने अस्वलांची शिकार करण्यास कायद्याची मुभा आहे. ओढ्याकाठी मनुष्य निरुपद्रवी असतो, हे शिकलेले अस्वल सीमेपलीकडेही तेच समजून वावरण्याचा संभव असतो. तेथे मात्र तीच आकृती दुसऱ्या अर्थाने उभी असते. सफरीने अस्वलाला दिलेला विश्वास सफरीच्या क्षेत्राबाहेर खरा ठरविण्याची शक्ती वाटाड्यापाशी नाही.

मनुष्य प्राण्यांची भाषा शिकू शकेल काय, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. या सफरींतून निघणारा प्रश्न त्याच्या उलट आहे : मनुष्य स्वतःला प्राण्याकरिता वाचनीय करू शकेल काय? पॅक क्रीकचा अनुभव सांगतो की ते शक्य आहे. त्यासाठी दिवसाला २४ माणसांनी, एकाच वाटेने, शिदोरी मागे ठेवून, एकाच रीतीने वागावे लागते. आणि जे काल सांगितले तेच आज व उद्याही सांगावे लागते.