पानिपतचे खापर विंचूरकरांच्या माथी का?

विंचूर म्हटले की आज लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आठवतो. इतिहासाची आवड असलेल्या माणसापुढे मात्र हे नाव काढले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘विंचूरकरांनी गोल मोडला म्हणून पानिपत गेले.’ व्याख्यानांत, कादंबऱ्यांत आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ते इतक्या ठामपणे सांगितले जाते की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीही सोय उरत नाही. विठ्ठल शिवदेव विंचूरकर, मूळचे दाणी, घोड्याच्या पाठीवर आणि तलवारीच्या बळावर पेशव्यांचे मोठे सरदार झाले आणि निफाड परिसरातल्या गावांचे धनी झाले. पण त्यांची ओळख वर्षानुवर्षांच्या चाकरीवरून ठरत नाही, १४ जानेवारी १७६१ च्या, पानिपतच्या लढाईच्या सकाळवरून ठरते. त्यांनी त्या सकाळी काय केले, हे तपासायची तसदी मात्र फार थोडे घेतात.

आरोप असा की इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाच्या पलटणी डाव्या बाजूला शिस्तीने लढत होत्या. विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांनी हुकूम नसताना घोडी पुढे घातली, ते गारद्यांच्या तोफांच्या आड आले, मागे फिरले आणि गोलाला, म्हणजे तोफखान्याभोवती बांधलेल्या लढाईच्या रचनेला, खिंडार पडले. आता त्या दिवसाचा क्रम पाहू. काशीराज पंडित हा अब्दालीला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असून त्या दिवशी शत्रूच्या छावणीत होता, म्हणून त्याची फारसी हकिगत सर्वांत जवळची मानतात. तो सांगतो की उपाशी मराठे पहाटे पागोट्यांचे शेव सोडून, तोंडाला हळद फासून बाहेर पडले. इब्राहिमखान मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्यापाशी गेला आणि पगारासाठी धरलेला हट्ट आज फेडतो, अशा अर्थाचे बोलला. मग दोन पलटणी बगलेला ठेवून उरलेल्या सात पलटणींनी त्याने दुंदेखान आणि हाफिज रहमतच्या रोहिल्यांवर संगिनींनी धाड घातली. रोहिल्यांचे आठ हजारांच्या आसपास लोक पडले किंवा जखमी झाले. त्याच झुंजीत गारद्यांच्या सहा पलटणी जवळपास पूर्ण कापल्या गेल्या, आणि गायकवाडही जखमी झाले. या हकिगतीत गोल मोडल्याचा दोष विंचूरकरांवर ठेवलेला नाही. डावी बाजू मोडली ती लढून खर्ची पडल्यामुळे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते, म्हणून तर अब्दालीने मागे राखलेली ताजी फौज पुढे काढली आणि पळणाऱ्या स्वतःच्याच माणसांना अडवून परत लढाईत लोटले. दोन-तीनच्या सुमारास पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि मधली फळी विसकटली. सकाळी जर गोलाला जीवघेणे खिंडार पडले होते, तर मग फौज दुपारपर्यंत उभी कशी राहिली? ज्यांच्याकडे राखीव तुकडी नव्हती, पोटात अन्न नव्हते, सोबत हजारो बिनलढाऊ माणसे होती आणि डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडल्यावर रसदही तुटली होती, त्यांचा पराभव एका पथकाच्या हालचालीवर ढकलणे म्हणजे हिशेबच न करणे होय.

‘तरी त्यांनी घोडी पुढे घातलीच ना?’ असे विचारले जाते. घातली असे मानले, तरी भाले-तलवारी घेतलेल्या स्वारांना बंदुकींच्या माऱ्यापुढे खांबासारखे उभे राहायला सांगायचे, हाच त्या रचनेतला दोष होता. गारद्यांना त्याची तालीम होती, मराठी स्वारांना नव्हती. गनिमी काव्यात वाढलेल्या फौजेला तोफखान्याभोवतीच्या गोलात बांधायचा निर्णय वरचा होता, पथकाच्या सरदाराचा नव्हता. दुसरा आक्षेप असा की विंचूरकर रणातून जिवंत परतले. मग नाना फडणीसही परतले, पायाला जखम घेऊन महादजी शिंदेही परतले. त्यांना कुणी पळपुटे म्हणत नाही. मेलेला वीर आणि जगलेला दोषी, ही मोजपट्टी एका सरदाराला लावायची आणि बाकीच्यांना नाही, याला न्याय म्हणत नाहीत. १७६२ मध्ये पेशव्यांच्या घरात चुलत्या-पुतण्याचा कलह पेटला, तेव्हा विठ्ठल शिवदेव चुलत्याच्या, म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांच्या बाजूने होते. पुढे राघोबादादांचे नाव जसे काळवंडले, तसा त्यांच्या माणसांवरही मळ चढला असावा, असे माझे मत आहे. पानिपतानंतर त्यांची सरदारी काढून घेतली गेली नाही, हे मात्र मत नाही, घडलेली गोष्ट आहे.

किरकोळ गैरसमज लवकर निकालात निघतात. राक्षसभुवनला १७६३ मध्ये मारला गेलेला विठ्ठल सुंदर हा निजामाचा दिवाण. विठ्ठल शिवदेवांशी त्याची गल्लत करू नये. विंचूर हे इंदूर-बडोद्यासारखे संस्थानही नव्हते. तो सरंजाम होता, तोफांच्या सलामीच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि पेशवाई बुडाल्यावर विंचूरकर दख्खनच्या सरदारांत मोडत. आडनावावरून गावाचे नाव पडले नाही, गावावरून आडनाव पडले. दिल्लीत १७५७ मध्ये हाती सापडलेला रोहिला सरदार नजीबखान विंचूरकरांनी सोडला, असेही म्हणतात. ती रदबदली मल्हारराव होळकरांची होती; विंचूरकर त्याला पकडणाऱ्यांपैकी होते.

यापुढे कुणी ‘विंचूरकरांनी पानिपत घालवले’ म्हणाले, तर एवढेच विचारावे: कोणत्या समकालीन कागदात, आणि किती वाजता?