भिंतीला घाम फुटला!

रात्री अकराला मित्राचा फोन. "अरे, भिंत रडतेय यार!" आम्हाला वाटलं, याला आज जरा जास्तच झालीय. पण साहेब पूर्ण शुद्धीत होते. ठाण्यातला नवाकोरा टू बीएचके, वीस वर्षांचं लोन, आणि बाल्कनीच्या कडेला वर्क फ्रॉम होमसाठी हौसेने केलेली छोटीशी स्टडी. तिच्या पार्टिशनवर जुलैमध्ये थेंब यायला लागले. पुसले की तासाभरात पुन्हा हजर. स्क्रूंच्या खाली तांबूस ओघळ. प्लंबर आला, बाथरूमच्या चार टाइल्स फोडून गेला. लीकेज शून्य, बिल मात्र भरपूर!

पार्टिशन करताना कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, "साहेब, प्लाय नको, जिप्सम नको. मॅग्नेशियम बोर्ड घ्या. आग लागत नाही, वाळवी लागत नाही, टेन्शनच नाही." आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.

मॅग्नेशियम ऑक्साइड ही पांढरी पावडर खरंच दणकट आहे. ती वितळायला साधारण २८०० अंश सेल्सियस लागतात. म्हणून तर पोलादाच्या भट्ट्यांना आतून तिच्या विटांचं अस्तर असतं. इतक्या लांब कशाला, ऑफिसच्या पॅन्ट्रीतली किटली घ्या. कॉइलच्या नळीत तापणारी तार आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये हीच पावडर ठासून भरलेली असते. उष्णता जाऊ देते, करंट अडवते. तुमचा चहा होतो आणि तुम्हाला शॉक बसत नाही, त्यात हिचा वाटा मोठा. मात्र नळीचं सील गेलं की पावडर हवेतली ओल पिते आणि करंट गळायला लागतो. पावसाळ्यात गीझर लावल्या लावल्या स्विच ट्रिप होतो ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मग बोर्ड का रडला? कारण नुसत्या पावडरीचा बोर्ड होत नाही, तिला बांधायला काहीतरी लागतं. बऱ्याच बोर्डांमध्ये ते असतं मॅग्नेशियम क्लोराइड. हा फॉर्म्युला १८६७चा, सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाचा. सिमेंट मस्त होतं, पण क्लोराइड शिल्लक राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, अगदी बरणीतल्या मिठासारखं. हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास गेली की खारट थेंब सुटतात आणि ते लोखंडी स्क्रू खातात. आपल्याकडे पावसाळ्यात हा आकडा रोजचाच!

डेन्मार्कवाल्यांनी हे फार महागात शिकून घेतलं. २०१०च्या सुमारापासून तिथे इमारतींच्या बाहेरच्या भिंतींमध्ये हे बोर्ड सर्रास बसवले गेले. दमट थंडीत ते ठिबकले, आतलं लोखंड गंजलं, लाकूड ओलं झालं. २०१५ पर्यंत धोक्याचा इशारा आला आणि मग बोर्ड काढण्याचा, भरपाईचा न संपणारा घोळ. सगळे मॅग्नेशियम बोर्ड असे नसतात, हेही सांगायला हवं. क्लोराइडऐवजी सल्फेट वापरलेले बोर्ड मिळतात, त्यांना हा रडका स्वभाव नाही. दुकानात गेलात तर "क्लोराइड की सल्फेट?" एवढंच विचारा आणि उत्तर टेस्ट रिपोर्टवर मागा. दुकानदार नुसता हसला तर पुढच्या दुकानात चला.

याच घराण्यातला एक हुशार भाऊ आहे, मॅग्नेशियम फॉस्फेट. खूप कडक भाजलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड, पोटॅशियम फॉस्फेट आणि पाणी एकत्र केलं की मिश्रण गरम होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड! इतकी घाई की वेळ मिळावा म्हणून त्यात बोरॅक्स घालावा लागतो. विमानतळाच्या धावपट्टीवरचा खड्डा बुजवून काही तासांत विमान उतरवायचं असेल तर असलंच काहीतरी हवं. दातांच्या कॅपचा धातू ज्या साच्यात ओततात, तोही बहुधा याच जातीचा. अमेरिकेच्या अर्गॉन प्रयोगशाळेत अरुण वाघ आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कचरा बंदिस्त करायला यापासून 'सिरॅमिक्रीट' बनवलं. (आडनाव वाचून कान टवकारले ना?)

आणि ते पोटॅशियम फॉस्फेट? नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तो ड्रिपमधून देतो ते 'शून्य-बावन्न-चौतीस' म्हणजे हेच. मग सगळे बोर्ड याचेच का नाही करत? किंमत, दुसरं काय!

मित्राच्या स्टडीचं म्हणाल तर बोर्ड उतरवला. कॉन्ट्रॅक्टर आता फोन उचलत नाही. नवा बोर्ड आणायच्या आधी त्याचा एक तुकडा, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, झाकणबंद डब्यात आठवडाभर ठेवलाय. आज पाचवा दिवस. अजून कोरडा आहे.