जांघेतली गाठ : नुसते अवधाण की आणखी काही?



ऊस तुटून गेला की रानात बुडख्यांचे खुंट राहतात. पाणी धरताना असा खुंट पायात घुसला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. निमगाव सावा, साकोरी, बेल्हे या पट्ट्यात अवधाण न आलेला शेतकरी शोधूनच काढावा लागेल. "पाय बरा झाला की अवधाण बसतं," असे जुनी माणसे सांगतात आणि ते खरेच आहे. पण जांघेतली प्रत्येक गाठ अवधाण नसते.

गाठ येते कशी?

शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज बारीक नळ्यांचे आणखी एक जाळे असते. शेतातला चर जसा निचऱ्याचे पाणी वाहून नेतो, तशा या नळ्या अंगात झिरपलेले पाणी, म्हणजे लसिका, परत रक्तात नेऊन सोडतात. वाटेत घेवड्याच्या दाण्याएवढ्या लसिका ग्रंथी असतात. पायाकडची लसिका जांघेतल्या ग्रंथींत गाळली जाते. पायात जंतू शिरले की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात, ग्रंथी सुजते आणि दुखते. हेच अवधाण.

कधी मात्र याच पांढऱ्या पेशी बिघडतात आणि जंतू नसतानाही वाढत राहतात. हा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. लंडनच्या डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावाचा प्रकार सोडून बाकी सगळ्यांना नॉन-हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. तो मान, काख, पोट, जांघ कोठेही सुरू होतो. जांघेत गाठी वाढून निचरा अडला, तर चर बुजल्यावर रान चिबडते तसा त्या बाजूचा पाय सुजतो. हा रोग संसर्गजन्य नाही.

फरक कसा ओळखावा?

अवधाण दुखते, पायाला जखम असते आणि दोन-तीन आठवड्यांत ते बसते. आडवे झाल्यावर आत जाणारी, खोकल्यावर बाहेर येणारी गाठ बहुधा अंतर्गळाची असते. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, रबरासारखी लागते, बसत नाही, वाढतच जाते. जोडीला कारणाशिवाय ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, वजनात घट, एकाच पायाला सूज यांतले काही असेल तर थांबू नये. "दुखत नाही ना, मग असू दे," इथेच घात होतो.

तपासणी

आपल्याकडे क्षयाच्याही गाठी येतात. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. म्हणून तपासणी न करता क्षयाची औषधे सुरू केली तर महिने वाया जाऊ शकतात. नुसत्या सुईच्या तपासणीवर नेहमी भागत नाही. शक्यतो अख्खी गाठ काढून तपासतात. "गाठीला हत्यार लावलं की रोग पसरतो," ही समजूत खोटी आहे. गाठीवर बिब्बा घालू नये, डाग देऊ नये. तपासणीआधी मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. गाठ तात्पुरती बसते आणि निदान चुकते.

उपचार

काही प्रकार इतके सावकाश वाढतात की डॉक्टर नुसती देखरेख ठेवतात. झपाट्याने वाढणाऱ्यांत मोठ्या बी-पेशींचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्याला बहुधा दर तीन आठवड्यांनी, साधारण सहा वेळा केमोथेरपी व रिटुक्सिमॅब देतात. त्यातून दहापैकी सुमारे सहा रुग्ण कायमचे बरे होतात. उलटून आलेल्या रोगासाठी मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्याच पेशींपासून तयार केलेल्या उपचाराला २०२३ साली देशात मान्यता मिळाली.

फवारणी करताना

ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, ते याच आजाराच्या संदर्भात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मान्य नाही. वाद चालू राहील. आपण मात्र हातमोजे, तोंडाला फडके आणि फवारणीनंतर अंघोळ सोडू नये.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

शेवटी एकच विनंती. जागा अडचणीची म्हणून बायामाणसे ही गाठ लपवतात, आणि गडी म्हणतात, "हंगाम उरकू द्या, मग बघू." ऊस आठ दिवस उशिरा तुटला तर वजनात घट येईल, तेवढेच. चार आठवड्यांत न बसलेली गाठ मात्र जवळच्या आरोग्य केंद्रात, नाहीतर नारायणगाव किंवा मंचरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावीच. बहुतेकांना "काही नाही, घरी जा," असेच ऐकायला मिळेल. ज्यांना तसे मिळणार नाही, त्यांच्यासाठी वेळेवर गेलेले बरे.